बाबांची पद्मिनी: किती दुरुस्त करायची, कुठे थांबायचं?

प्रश्न: वडिलांनी १९८५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. ते गेल्यापासून पाचेक वर्षं ती शेडमध्ये नुसती उभी आहे. आता पुन्हा चालती करावी असं मनात आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, ‘‘इंजिन, ब्रेक, टायर बघू, महिन्याभरात चालवायला लागाल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘असं अर्धवट कशाला? पूर्ण खोलू, रंग उतरवून पत्रा नव्याने करू, शोरूममधून आली होती तशी देतो.’’ दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलगा म्हणतो, इलेक्ट्रिक किट बसवा. आईचं एकच म्हणणं, भंगारात घालू नका. आणि मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. एकेक करत सगळंच बदललं, तर ती बाबांची गाडी राहते का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं एक उत्तर सरकारदरबारी तयार आहे. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे तिचा चेसिस नंबर. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवलं तर परवानगी घेऊन आरसी बुकात नोंद करता येते, रंग बदलला तरी नोंद होते. सीटा, काचा, टायर यांची तर कोणी दखलही घेत नाही. चेसिस नंबरला मात्र हात लावायचा नाही. गाडी पासिंगला नेली की त्या कोरीव आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा कागदपत्रांना जोडतात. ठसा जुळला की ती बाबांचीच गाडी, बाकी काहीही बदललेलं असो.

उत्तर कोरडं आहे खरं, पण पद्मिनीच्या बाबतीत ते यंत्रशास्त्रालाही धरून आहे. जीपला किंवा ट्रकला असते तशी वेगळी चेसिस पद्मिनीला नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. पुढचं सस्पेन्शन, मागचे पाटे, इंजिन, सगळा भार त्या पत्र्यानेच पेललेला. जीपची बॉडी कितीही कुजली तरी ती उतरवून दुसरी चढवता येते. पद्मिनीत ती सोय नाही, पत्रा गेला की गाडीच गेली. म्हणून दोघा गॅरेजवाल्यांपैकी कोणाचं ऐकायचं हे इंजिनावरून ठरवू नका. बहुतेक लोक नेमकं तेच करतात. इंजिन सुरू झालं, आवाज गोड आला की खूश होऊन पैसे ओततात आणि दोन पावसाळ्यांनी दाराखालचा पत्रा हातात येतो.

तर आधी पत्रा. यासाठी गॅरेजात जायचीही गरज नाही. एक लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर फडकं गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडांवरून, चाकांवरच्या कमानींवरून, डिकीच्या कोपऱ्यांवरून सावकाश फिरवा. जिथे तो सैल पडेल तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. मग आतले गालिचे, रबरी मॅट सगळं उचला. पायाखालचा पत्रा पेचकसच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे खूण करा.

खरी परीक्षा जॅकची. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. चारही दारं उघडून-लावून ती कशी बसतात ते आधी लक्षात घ्या. मग एका बाजूला जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला. जॅक चढत असताना कान द्या. कुरकुर किंवा चुरचुर ऐकू आली, गंजाचे पापुद्रे खाली पडू लागले तर तिथेच थांबा. चाक उचललं गेलं की त्या बाजूचं पुढचं दार उघडून पुन्हा लावून बघा. पहिल्यासारखंच बसलं तर सांगाड्यात जीव आहे. दार चौकटीला घासायला लागलं, किंवा वरची फट रुंद आणि खालची अरुंद झाली, तर गाडी मधोमध वाकते आहे. दाराखालचा पोकळ पत्रा आतून खाल्ला गेलाय असा याचा अर्थ. या परीक्षेत गाडीखाली कोणी हात-डोकं घालायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो.

दार नीट बसलं तर तुमचा पहिला गॅरेजवाला बरोबर आहे. नाही बसलं तर दुसरा बरोबर आहे, पण फक्त त्या पत्र्यापुरता. आणि तेवढं काम नीट करून घ्यायचं तर त्याला तीन गोष्टी विचारा. गंजावर वरून ठिगळ मारणार की गंज पूर्ण कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जाणार? वरून ठिगळ मारलं की ओल आतच कोंडली जाते आणि कुजणं चालू राहतं. वेल्डिंग कसलं करणार? गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटा धरतो आणि मग त्या लपवायला पुन्हा लांबी येते. सीओटू वेल्डिंगने हा त्रास बराच कमी होतो. तिसरा प्रश्न, दाराखालचा पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटींत आडवे पाइप टाकून सांगाडा धरून ठेवणार का? या तिसऱ्या प्रश्नावर जो हसेल त्याच्याकडे गाडी सोडू नका. आणि चेसिस नंबर ज्या पत्र्यावर आहे त्याच्या आसपास कटर फिरणार असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्या. तो आकडा एकदा गेला की आयुष्यभर खुलासे करत बसावं लागतं.

पाणी कुठून आलं हेही शोधा. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन भेगाळलं की पाणी थेट गालिच्याखाली उतरतं. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजली की दार पाणी धरून ठेवतं. ही भोकं तारेने मोकळी करायला काहीच खर्च नाही. पत्र्यावर हजारो रुपये घालून रबर तसंच ठेवणारे लोक मी बघितले आहेत.

आता इंजिन. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं आहे आणि शिस्तीत वापरलं तर दमदार आहे. ते उघडायचं की नाही हे उघडण्याआधीच कळू शकतं, आणि इथेच बरेच पैसे वाचतात. पाच वर्षं उभी असलेली गाडी थेट स्टार्टर मारून सुरू करू नका. पेट्रोलची टाकी उतरवून आतला गाळ आणि गंज काढा, नाहीतर तो सगळा कार्बोरेटरमध्ये जाणार. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सहज फिरलं तर ऑइल बदलून मग स्टार्टर.

चालू होऊन गरम झालं की कॉम्प्रेशन तपासायला सांगा. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरांमध्ये फरक किती आहे हे महत्त्वाचं. तिघांचा सारखा आणि एकाचा पडलेला असेल, तर त्या एकात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. दुसऱ्या बाबतीत फक्त हेड उतरवून काम भागतं, अख्खं इंजिन खाली घ्यावं लागत नाही. धूरही सांगतो. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की भसकन निळा धूर येतो तो बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूने, चढावर सतत निळा येतो तो रिंगांचा. ‘‘जुनं आहे ना, बोअर करून टाकू’’ हे एवढ्या तपासण्यांनंतर कोणी म्हटलं तर ऐकावं, आधी नाही. बोअर वाढवणं हा एकतर्फी रस्ता आहे. ब्लॉकचा धातू एकदा गेला की गेला, आणि किती वेळा वाढवता येईल याला मर्यादा असते.

तसंच गिअरचं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली. तो सापडत नाही, अडकतो, असं म्हटलं की गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू होते. आधी खालच्या दांड्यांचे बुश बघा. तेच झिजलेले असतात. तयार मिळाले नाहीत तर लेथवर करून मिळतात, आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तुम्हाला तासाभरावर असताना त्याची चिंता करू नये.

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत ‘किती’ हा प्रश्नच नाही, हे पूर्ण करायचंच. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच वाटेने चारही चाकांना जातं, एक पाइप फुटला की पाय थेट तळाला. सगळे रबरी पाइप, व्हील सिलिंडरचे वॉशर, मास्टर सिलिंडरचं किट आणि तेल, सगळं नवं. टायरवर नक्षी शाबूत दिसेल, पण कडेचा चार आकडी शिक्का वाचा. २३०९ असेल तर तो २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्याला नमस्कार करून निरोप द्या. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही बदला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९८५ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. (त्या इथेनॉलचा काही भाग तुमच्याच भागातल्या उसाचा असणार, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हाही प्रश्नच आहे.) गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका, इथेनॉल ओल धरतं.

इथवर मी पैसे खर्च करायला सांगितले. इथून पुढे हात आखडायला सांगणार आहे. रंग, सीटा, टपाचं कापड, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दाराच्या मुठी यांना शक्य तितकं हात लावू नका. तुमच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याला हे पटणार नाही, कारण त्याची कला तिथेच दिसते. पण बाबांचा हात इतकी वर्षं जिथे लागला त्या जागा याच. इंजिनाच्या पिस्टनला त्यांनी कधी हात लावलेला नसेल.

हे माझं एकट्याचं हळवेपण नाही. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये एक सनद झाली. त्यातलं एक तत्त्व असं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. (त्याच साली आपल्याकडे फियाट ११०० डिलाइट आली, जिची पुढे पद्मिनी झाली. हा निव्वळ योगायोग.) जुन्या मोटारींच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे याच धर्तीवर तुरीन सनद केली. जतन आधी, गरजेपुरती दुरुस्ती नंतर आणि सगळं नव्याने करणं सर्वांत शेवटी, असा तिचा कल आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात, जिथे आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांचंच राज्य होतं, तिथेही आता न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांना वेगळा वर्ग आहे. रंग पुन्हा कधीही देता येतो. मूळ रंग मात्र एकदाच असतो. आधी चांगल्या माणसाकडून रबिंग-पॉलिश करून बघा. चाळीस वर्षांचा मळ निघाल्यावर खालून काय निघतं याचं बऱ्याचदा आश्चर्य वाटतं. बंपरचं क्रोम पुन्हा करायला द्याल तेव्हा बफिंगवर डोळा ठेवा. जास्त घासलं की कडा आणि अक्षरं बोथट होतात.

जतनाला एक व्यवहारी कारणही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात हवी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. तुमच्या गाडीचा तो मुहूर्त २०३५ चा. आज तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंत किंवा पुढचा भाग ‘मॉडर्न’ केलात, तर दहा वर्षांनी ते दार तुमचं तुम्हीच बंद केलेलं असेल. पण व्हिंटेज नोंदणीचीही हाव धरू नका. ती झाली की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. आईंना मागे बसवून रविवारी नरसोबाच्या वाडीला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

त्या साध्या नोंदणीचं बघाच, कारण पाच वर्षांत ती संपलेली असायची शक्यता मोठी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी १०,००० झालं. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी. ‘हाय सिक्युरिटी’ नंबरप्लेटही लागते. ‘एमएच’च्या आधीचा तीन अक्षरी नंबर हाताने रंगवलेली जुनी प्लेट असेल तर ती काढताना फेकू नका, कपाटात ठेवा. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, तशी परिस्थिती महाराष्ट्रात नाही, त्यामुळे शेजारी काहीही म्हणोत, गाडी जुनी आहे एवढ्याच कारणाने ती कोणी जप्त करणार नाही.

मुलाच्या इलेक्ट्रिक किटबद्दल. किट बसवणं बेकायदा नाही. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेने मान्यता दिलेलं किट हवं, आणि ती मान्यता तुमच्या मॉडेलला लागू आहे का हे आधी विचारावं लागतं. पण बॅटरीचं वजन त्या चाळीस वर्षांच्या पत्र्यावर आणि चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर येणार. आठवड्याला एकदा वाडीला जाणाऱ्या गाडीसाठी हा उपद्व्याप मला पटत नाही. रोज कोल्हापूरला नोकरीला जायचं असेल तर त्यापेक्षा नवी इलेक्ट्रिक गाडी घ्या आणि हिला सुखाने जगू द्या.

सुट्या भागांची घाई मात्र करा. पद्मिनीचे भाग इतकी वर्षं स्वस्तात मिळाले ते हौशी लोकांमुळे नव्हे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता आणि त्याची पद्मिनी शहराची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत धावायची थांबली. रोज ब्रेक घासणारं गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल कशाला भरेल? काचेची रबरं, ब्रेकची किटं, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर कॅप हे दिसतील तिथे जास्तीचे घेऊन ठेवा. दिव्यांच्या फ्रेमा, मोनोग्राम यांच्यामागे लागू नका, ते हौशी लोकांत हातोहात फिरत असतं.

शेवटी पैशांचं. गाडी खोलण्याआधी एका कागदावर दोन याद्या लिहून गॅरेजवाल्याची सही घ्या. एकीत काय करायचं, दुसरीत काय करायचं नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. खर्च वाढतो तो मोठ्या निर्णयांनी नाही, ‘‘उघडलीच आहे तर हेही करून घेऊ’’ या वाक्याने. डॅशबोर्ड काढलाच आहे तर वायरिंग, वायरिंग काढलंच आहे तर आतून रंग, आतून रंग दिलाच आहे तर बाहेरून का नको. अशा रीतीने उघडलेल्या आणि कधीच न जोडलेल्या गाड्यांनी गॅरेजांच्या मागच्या भिंती भरलेल्या असतात. घातलेला पैसा विकताना परत येईल हा हिशोब तर मांडूच नका. टप्प्याटप्प्याने करा. आधी ब्रेक-टायर-पेट्रोल, मग पत्रा, मग सहा महिने चालवा. चालवताना जे खरोखर खटकेल ते पुढच्या यादीत.

प्रश्न: जुन्या जीपमध्ये दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवलं तर चालतं का? गावात तर सगळेच बसवतात.
– एक वाचक, वाई

उत्तर: सगळे बसवतात हे खरं, चालतं हे खरं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं आणि त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं. वेगळं बसवून नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

प्रश्न: आमच्या अॅम्बॅसॅडरला तीन वेळा रंग दिलाय. मूळचा रंग कसा शोधायचा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: आरसी बुकातला रंग हा फक्त अंदाज, कारण तिथे ‘पांढरा’ एवढंच लिहिलेलं असतं. जिथे रंगाऱ्याची बंदूक पोहोचत नाही तिथे बघा: दाराची रबरी बीडिंग सोलून तिच्या खाली, डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागे, डिकीतल्या स्टेपनीखाली, मागच्या सीटची पाठ काढल्यावर दिसणाऱ्या पत्र्यावर. नाहीच मिळाला तर एखाद्या आडबाजूला दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, रुपयाएवढा गोल घासा. रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाबाहेर एक दिसतात. सगळ्यात आत धातूला लागून करडा किंवा तांबूस प्रायमर असतो. त्याच्या लगेच बाहेरचा तो तुमचा. आणि तो दुपारच्या उन्हात बघा, गॅरेजातल्या ट्यूबखाली नाही.